अकादमी सरकारची, पण चाचणीचा प्लॉट कुणाचा?

कृषी पदव्युत्तरच्या एका विद्यार्थिनीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. समाजवादी राज्यात राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमी उभारणं म्हणजे नेमकं काय करणं? सोव्हिएत संघाच्या अकादमीत ‘लायसेन्कोने सगळं बुडवलं’ (लायसेन्को म्हणजे स्तालिनच्या मर्जीतला, जनुकशास्त्र नाकारणारा कृषितज्ज्ञ) यापलीकडे घेण्यासारखं काही आहे का? आणि अशा अकादमीचा अध्यक्ष शास्त्रज्ञ असावा की प्रशासक?

मी पैदासकार, म्हणजे पिकांची नवी वाणं काढणारा, आहे. आधी रब्बी ज्वारी आणि नंतर सूर्यफूल, अशी तेहतीस वर्षं या कामात गेली. इतिहास हा माझा विषय नाही. पण आपल्याकडे सूर्यफुलावर काम करणाऱ्याला सोव्हिएत शेतीशास्त्राकडे वळावंच लागतं, कारण आपलं मूळ बियाणं तिथून आलं. ते कसं, हे पुढे सांगतो.

आधी तारखा. ३० डिसेंबर १९२२ ला सोव्हिएत संघ स्थापन झाला. त्याच पहिल्या अधिवेशनात मॉस्कोत शेतीची मध्यवर्ती संस्था आणि सगळ्या प्रजासत्ताकांत तिच्या शाखा काढायचा ठराव झाला. नवं राष्ट्र पहिल्याच दिवशी शेती संशोधनाचा ठराव करतं, यामागे भूक होती. १९२१-२२ चा व्होल्गाकाठचा दुष्काळ नुकताच लाखो माणसं घेऊन गेला होता. त्या दुष्काळातच वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव अमेरिकेला जाऊन बियाणं गोळा करून आले होते.

पण ठराव झाला म्हणून लगेच अकादमी झाली नाही, आणि मला हीच गोष्ट सगळ्यांत शिकण्यासारखी वाटते. आधी पेत्रोग्रादमधली झारच्या काळापासूनची उपयोजित वनस्पतिशास्त्राची कचेरी होती. रॉबर्ट रेगेल १९२० मध्ये वारल्यावर तिची सूत्रं वाविलोव यांच्याकडे आली. तिचीच वाढ होत १९२५ मध्ये ‘उपयोजित वनस्पतिशास्त्र आणि नवी पिकं’ ही अखिल-संघ संस्था झाली. तिचं पहिलं अधिवेशन क्रेमलिनमध्ये भरलं. लेनिनचे माजी सचिव निकोलाय गोर्बुनोव संस्थेच्या परिषदेचे प्रमुख होते, म्हणजे सरकारात थेट वजन असलेला माणूस पाठीशी होता. आणि २५ जून १९२९ ला लेनिन अखिल-संघ कृषिविज्ञान अकादमीचा हुकूम निघाला. वाविलोव पहिले अध्यक्ष झाले. म्हणजे अकादमीच्या पाटीआधी सात-आठ वर्षं काम उभं होतं. माणसं होती, प्रक्षेत्रं होती, बियाण्यांची कपाटं भरत होती. अशी संस्था खालून वर वाढते. कागदावर आधी अकादमी काढून मग शास्त्रज्ञ शोधले, तर खुर्च्या भरतात आणि कपाटं रिकामी राहतात.

एक योगायोग सांगतो. या हुकुमानंतर तीनच आठवड्यांनी, १६ जुलै १९२९ ला, आपल्याकडे ब्रिटिश सरकारने शाही कृषी संशोधन परिषद नोंदवली. तीच आजची भारतीय कृषी अनुसंधान परिषद. एक क्रांतीतून जन्मली, दुसरी रॉयल कमिशनच्या अहवालातून. पण दोन्हींसमोरचा प्रश्न एकच होता: एवढ्या पसरलेल्या, इतक्या हवामानांच्या देशात कुठलं वाण कुठे लावायचं, हे कोण आणि कसं ठरवणार?

याचं उत्तर वाविलोव आणि त्यांचे सहकारी विक्तोर तालानोव यांनी १९२३-२४ पासूनच द्यायला घेतलं होतं. ‘भौगोलिक पेरण्या’ म्हणजे एकाच वाणांचा संच, एकाच पद्धतीने, उत्तरेच्या टुंड्रापासून मध्य आशियाच्या वाळवंटापर्यंत शंभरावर ठिकाणी पेरायचा. गहू कुठे किती दिवसांत पक्व होतो, तेलाचं आणि प्रथिनांचं प्रमाण जागेनुसार कसं बदलतं, कुठे तांबेरा येतो, याच्या नोंदी ठेवायच्या. तालानोव यांनी त्यातून सरकारी वाण-चाचणीचं जाळं उभं केलं. आपल्याकडे अखिल भारतीय समन्वित प्रकल्प मक्यापासून सुरू झाले ते १९५७ मध्ये. जमीन, शेतकी शाळा, रेल्वे, हवामान केंद्रं सगळी एका छत्राखाली असलेलं सरकारच असं काम इतक्या वेगात करू शकतं. समाजवादी व्यवस्थेचं हे बळ मी मनापासून मान्य करतो. खासगी बियाणे कंपनी शंभर ठिकाणी चाचणी घेईल, पण ती स्वतःच्या वाणाची. शेजारच्या कंपनीचं वाण सरस ठरलं तर ते छापून काढणार नाही.

आता १९२९ हे साल नीट पाहा. त्याच वर्षी स्तालिनने सक्तीचं सामूहिकीकरण सुरू केलं. १९३० मध्ये ‘श्रमिक शेतकरी पक्ष’ नावाच्या बनावट खटल्यात अलेक्सांद्र चायानोव यांच्यासारखे शेती-अर्थशास्त्रज्ञ तुरुंगात गेले. शेतकरी कुटुंब किती राबतं, कधी थांबतं, जोखीम कशी पेलतं याचा त्या काळात चायानोव यांच्याइतका खोल अभ्यास क्वचितच कुणी केला असेल. म्हणजे अकादमी उभी राहत असतानाच शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारी विद्याशाखा कापली गेली. पुढे १९३२-३३ मध्ये युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गाकाठी दुष्काळात लाखो माणसं मेली, आणि तो दुष्काळ मुख्यतः धान्यवसुलीचा होता. वाणांच्या उणिवेने एवढी माणसं मेली नाहीत. तरी दोष काढायला वाणच सापडले, आणि वाणांमागे पैदासकार.

ऑगस्ट १९३१ मध्ये सरकारी फर्मान निघालं की नवीन वाण दहा-बारा वर्षांऐवजी चार-पाच वर्षांत तयार झालं पाहिजे. माझ्या मते लायसेन्कोच्या कहाणीचं बीज या कागदात आहे. संकर केल्यावर पहिली पिढी, मग दुसऱ्या पिढीतली फाटाफूट, मग सहाव्या-सातव्या पिढीपर्यंत ओळी, म्हणजे निवडलेले वंश, स्थिर होणं, मग तीन वर्षं बहुस्थानी चाचण्या. एका वर्षात दोन हंगाम घेता आले तर थोडी वर्षं वाचतात. पण चाचणीची तीन वर्षं वाचत नाहीत, कारण तिथे पिकाबरोबर पावसाचीही परीक्षा चाललेली असते. कोरडं वर्ष, ओलं वर्ष, रोगाचं वर्ष, तिन्ही बघावी लागतात. वाविलोव हे प्रामाणिकपणे सांगत राहिले. मंत्रालयाला ‘दहा वर्षं’ हे उत्तर ऐकायचं नव्हतं. ओडेसात लायसेन्को हा तरुण कृषितज्ज्ञ ‘अडीच वर्षं’ म्हणत होता. मग त्याचंच ऐकलं गेलं.

त्रोफिम लायसेन्कोचं गाजलेलं काम म्हणजे वसंतीकरण. हिवाळी गव्हाला फुलोऱ्यासाठी थंडी लागते, ही खरी गोष्ट आहे आणि त्याच्या आधी जर्मनीत गास्नर यांनी ती नीट अभ्यासली होती. भिजवलेलं बी काही आठवडे थंडीत ठेवून वसंतात पेरलं तर ते त्याच हंगामात ओंब्या धरतं. पण लायसेन्कोने हेच थंडीची गरज नसलेल्या वसंती गव्हालाही लागू करून उत्पादन वाढीचा दावा केला आणि हजारो सामूहिक शेतांवर ते करायला लावलं. मजुरांनी ओल्या बियाण्याचे ढीग फावड्याने वरखाली करायचे, दिवसेंदिवस. बुरशी यायची, कोंब लांब व्हायचे. आणि निकाल? शेतांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या. किती क्विंटल वाढलं ते शेताच्या प्रमुखाने लिहायचं. शेजारी न भिजवलेल्या बियाण्याचा तुलनेचा प्लॉट नाही, पुनरावृत्ती नाही. ‘वाढलं नाही’ असं लिहिणाऱ्या प्रमुखाचं त्या वर्षांत काय झालं असतं, याचा विचार करा.

प्योत्र कोन्स्तान्तिनोव यांनी मात्र पाच वर्षं अनेक केंद्रांवर रीतसर तुलनात्मक चाचण्या घेतल्या. सरासरी वाढ जवळजवळ शून्य निघाली. १९३६ मध्ये त्यांनी, लिसित्सिन यांनी आणि बल्गेरियाचे दोन्चो कोस्तोव यांनी ते छापलंही. म्हणजे खरं उत्तर अकादमीच्या घरातच होतं, वेळेवर होतं, आकड्यांसकट होतं. पण फेब्रुवारी १९३५ मध्येच लायसेन्कोच्या भाषणाला स्तालिनने ‘ब्राव्हो, कॉम्रेड लायसेन्को, ब्राव्हो’ अशी दाद दिली होती. त्यानंतर चाचणीच्या तक्त्याकडे कोण बघतं?

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. १९३८ मध्ये लायसेन्को अध्यक्ष झाला. ६ ऑगस्ट १९४० ला पश्चिम युक्रेनच्या संकलन दौऱ्यावर असताना वाविलोव यांना अटक झाली. जगभरच्या पिकांची मूळ घरं शोधणारा हा माणूस २६ जानेवारी १९४३ ला सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने खंगून गेला. जुलै-ऑगस्ट १९४८ च्या अकादमीच्या अधिवेशनात लायसेन्कोने सांगितलं की माझा अहवाल केंद्रीय समितीने पाहून मंजूर केला आहे, आणि त्या वाक्याने देशभर जनुकशास्त्राची शिकवणी बंद पडली. अंतःप्रजनन केलेल्या ओळींपासून संकरित मका करायलाही त्याचा विरोध होता, आणि १९५५ नंतर तेच संकरित बियाणं अमेरिकेकडून विकत आणावं लागलं.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. नव्वदच्या दशकात आमच्या एका सूर्यफुलाच्या वाणाला दोन वर्षं फार छान उत्पादन आलं. वरून निरोप आला की एका मोठ्या कार्यक्रमात हे वाण जाहीर करायचं आहे, तिसऱ्या वर्षाची माहिती नंतर जोडा. मी नको म्हटलं, पण सही केली. तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात सलग पाऊस झाला आणि अल्टरनेरिया करप्याने तो प्लॉट काळा पडला. शेजारचं तुलनेचं वाण उभं होतं. तोवर काही गावांत बियाणं पोचलं होतं. कुणी तुरुंगात गेलं नाही, कुणाची नोकरीही गेली नाही, पण ज्यांच्या शेतात ते वाण होतं त्या माणसांसमोर उभं राहणं मला फार जड गेलं. तेव्हापासून ‘जॉइंट अग्रेस्को’च्या, म्हणजे कृषी विद्यापीठांच्या शिफारशी ठरवणाऱ्या संयुक्त बैठकीत कुणी ‘दोन वर्षांची माहिती पुरेशी आहे’ म्हणालं की मी उठून बोलतो. ही घाई कुठल्याही राजवटीत येते. समाजवादी राज्यात फरक एवढाच की निधी देणारा, पीक खरेदी करणारा, वृत्तपत्र चालवणारा आणि पोलिस सांभाळणारा हात एकच असतो. म्हणून तिथे चाचणीचं खातं अकादमीपासून आणि मंत्रालयापासून वेगळं ठेवणं जास्त गरजेचं ठरतं.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं थेट उत्तर: अकादमी सरकारची असू दे, पैसा सरकारचा असू दे, पण वाण चांगलं की वाईट हे सांगणारी यंत्रणा ना अकादमीच्या अध्यक्षाच्या हाताखाली असावी, ना मंत्र्याच्या. तिने वाणाला सांकेतिक क्रमांक द्यावा, पैदासकाराचं नाव लपवावं, आणि नापास वाणांचे आकडेही पास वाणांइतकेच छापावेत. सदस्य नेमण्याऐवजी निवडावेत. १९३५ मध्ये सरकारी हुकुमाने अकादमीचे सदस्य नेमले गेले, त्यात लायसेन्कोही होता. शास्त्रज्ञांच्या गुप्त मतदानात तो त्या वर्षी निवडून आला असता असं मला वाटत नाही. पैशाचं वेळापत्रक पिकाच्या पिढ्यांवर बसवावं. पंचवार्षिक योजनेच्या मध्यावर उजळणी जरूर करावी, पण पैदास कार्यक्रम दहा वर्षांच्या आत बंद करू नये. आणि चायानोव यांच्यासारख्या माणसांना पहिल्या दिवसापासून आत घ्यावं, म्हणजे शेतकरी एखादं वाण का नाकारतो हे सांगणारं कुणीतरी त्या इमारतीत बसलेलं असेल.

हे जमण्यासारखं होतं, याचा पुरावा समाजवादी जगातच आहे. पूर्व जर्मनीने १९५१ मध्ये आपली कृषिविज्ञान अकादमी स्थापन केली आणि अध्यक्ष केलं हान्स श्टुबं यांना. ते उत्परिवर्तनावर काम केलेले जनुकशास्त्रज्ञ होते. मॉस्कोत लायसेन्कोचा दबदबा शिगेला असताना त्यांनी काय केलं? गाटरस्लेबनच्या संशोधन संस्थेत टोमॅटोवर कलमं बांधली. कलम केलं की खुंटाचे गुण फांदीच्या बियांत उतरतात, हा लायसेन्को पंथाचा दावा होता. श्टुबं यांनी पुष्कळ झाडांवर, पिढ्या काढून, तो तपासला आणि १९५४ मध्ये छापलं की असं काही होत नाही. घोषणेला त्यांनी घोषणेने उत्तर दिलं नाही, प्लॉटने दिलं. ते १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अध्यक्ष राहिले आणि पूर्व जर्मनीचं पैदासशास्त्र वाचलं. सरकार आणि पक्ष त्याच धर्तीचे, वेळ फक्त बावीस वर्षांनी पुढची. इथे माणूस महत्त्वाचा ठरला हे खरं, पण तिथे हुकमी तारखेचा दबावही कमी होता.

चीनचं थोडक्यात सांगतो. तिथली कृषिविज्ञान अकादमी १९५७ ची, पहिले अध्यक्ष भातशास्त्रज्ञ दिंग यिंग. वर्षभरात माओची ‘मोठी झेप’ ही उत्पादन झपाट्याने वाढवण्याची मोहीम आली. एकाच जातीची रोपं एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत, या लायसेन्कोच्या सिद्धान्तावर भात इतका दाट लावला की शेतात हवा खेळेना, आणि गावोगावी फुगवलेले आकडे वर गेले. नवजात अकादमी ते थांबवू शकली नाही. पण त्याच देशात पुढे हुनानमधल्या एका साध्या शेतकी शाळेतले शिक्षक युआन लाँगपिंग यांनी संकरित भाताचा ध्यास घेतला. १९७० मध्ये हायनान बेटावर त्यांच्या सहकाऱ्यांना वंध्य नराचं रानटी भात सापडलं. मग देशभरच्या केंद्रांनी ते बी वाटून घेऊन एकत्र काम केलं आणि १९७३ मध्ये संकरित बियाणं काढण्याची तीन-ओळी पद्धत पूर्ण झाली. हे जाळ्याचं बळ, वाविलोव यांच्या शंभर ठिकाणच्या पेरणीसारखंच.

आता घेण्यासारखं काय, याबद्दल. माझं उत्तर दोन वाणांत आहे.

पहिलं बेझोस्ताया १. पावेल लुक्यानेन्को यांनी क्रास्नोदारमध्ये काढलेला हा हिवाळी गहू १९५९ मध्ये प्रसारित झाला आणि पुढे एक कोटी हेक्टरांहून जास्त क्षेत्रावर गेला. त्याच्या वंशावळीत अर्जेंटिनाचा क्लाइन ३३ आहे, आणि तो आला होता लेनिनग्रादच्या (म्हणजे पूर्वीच्या पेत्रोग्रादच्या) संस्थेच्या संग्रहातून. १९४० पर्यंत त्या संग्रहात अडीच लाखांच्या आसपास नमुने जमले होते. लेनिनग्रादच्या वेढ्यात संस्थेतले भाताचे अभ्यासक द्मित्री इवानोव आणि भुईमुगाचे अलेक्सांद्र श्चुकिन उपाशी मेले, सांभाळायला दिलेलं बी त्यांनी खाल्लं नाही. लायसेन्को अध्यक्ष असतानाही तो संग्रह टिकला.

दुसरं आपल्या दारचं. वासिली पुस्तोवोइत १९१२ पासून क्रास्नोदारला सूर्यफुलावर काम करत होते, १९७२ मध्ये वारले तोवर. जवळजवळ साठ वर्षं एक जागा, एक पीक. बियातलं तेल तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते त्यांनी पन्नासच्या वर नेलं. त्यांची पद्धत विद्यार्थ्यांना शिकवताना मला फार आवडायची. चांगल्या झाडाच्या फुलातलं बी दोन भागांत करायचं. एक भाग कोठीत राखून ठेवायचा, दुसरा पेरून दोन वर्षं तेल, टरफल, बंबाखूसारखं मुळावरचं परजीवी तण, सगळं तपासायचं. जी फुलं सरस ठरतील त्यांचंच राखलेलं बी मग एकत्र पेरून आपसात परागीभवन होऊ द्यायचं. परत तीच फेरी. यात घाईला जागाच नाही, आणि ‘जनुक’ हा शब्दही उच्चारायची गरज नाही. म्हणूनही ते काम त्या वर्षांत टिकलं असावं, असं मला वाटतं.

१९६९ मध्ये त्याच भागातली वाणं भारतात आली. पेरेडोविक इथे ईसी ६८४१४ झालं, आर्माविर्स्की ईसी ६८४१५ (ईसी हा परदेशातून आलेल्या बियाण्याचा नोंद-क्रमांक). लातूर-उस्मानाबाद-सोलापूर पट्ट्यातल्या जुन्या शेतकऱ्यांनी पहिल्यांदा सूर्यफूल पाहिलं ते याच वंशाचं. मी नोकरीला लागलो तेव्हा प्रक्षेत्रावरच्या पाट्यांवर हे क्रमांक होते आणि त्यामागे पुस्तोवोइत यांचं अर्धं राखलेलं बी आहे हे मला माहीतही नव्हतं. घाईच्या उलट टोकाचा दाखलाही जवळच आहे. मोहोळला १९३० च्या दशकात गावरान मालदांडीतून निवडलेली ज्वारी मालदांडी ३५-१. लायसेन्को अडीच वर्षांत गहू देतो म्हणत होता त्याच सुमाराचं हे काम. मी निवृत्त झालो तेव्हाही रब्बी ज्वारीच्या चाचणीत आम्ही तुलनेला तीच लावत होतो.

राहिला अध्यक्षाचा प्रश्न. वाविलोव शास्त्रज्ञ होते. एकाच वेळी अकादमी, लेनिनग्रादची संस्था आणि देशोदेशीच्या मोहिमा सांभाळत होते, आणि १९३५ मध्ये त्यांना अध्यक्षपदावरून उपाध्यक्ष केलं गेलं. त्यांच्या जागी आलेले अलेक्सांद्र मुरालोव प्रशासक होते, शेती खात्याचे उपमंत्री. १९३७ मध्ये त्यांना अटक झाली. मग गेओर्गी माइस्टर आले, सारातोवचे नावाजलेले गहू-पैदासकार. त्यांनाही थोड्याच काळात अटक झाली. गोर्बुनोव, ज्यांचं वजन संस्थेच्या कामी आलं होतं, ते १९३८ मध्ये मारले गेले. त्यानंतर अठरा वर्षं त्या खुर्चीवर लायसेन्को होता, आणि त्यालाही सगळे शास्त्रज्ञच म्हणत होते. तुमच्या सेमिनारमध्ये अध्यक्षांच्या पात्रतेवर एक पान लिहा, आणि वाण-चाचणी केंद्राच्या प्रमुखाला कोण नेमतो आणि कोण काढू शकतो, यावर चार पानं.